बाकावरच्या आत्या

इंदूआत्यांना शोधायचं असलं की मी आधी बाक शोधायची. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठलंही कॉलेज घ्या. ऑफिसच्या खिडकीसमोर, व्हरांड्यात, एखादा लाकडी नाहीतर सिमेंटचा बाक असतोच, आणि प्रवेशाच्या दिवसांत त्या बाकाच्या एका टोकाला आत्या असायच्या. एक पाय वर घेतलेला, दुखरा गुडघा हातानं चेपणं चालू, शेजारी स्टीलचा डबा. अंगावर लग्नाला निघाल्यासारखी साडी, केसांत गजरा, मनगटं भरून बांगड्या. कपड्यांवरून कोणी काही विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "पोराचं ॲडमिशन हाय. मयताला नाय आली मी."

त्या दिवशी बाक रिकामा होता.

मी ठाण्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करते. बालगृहात वाढलेल्या मुलामुलींना अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं. त्यातल्या ज्यांना पुढे शिकायचं असतं त्यांचे प्रवेश, राहायची सोय, कागद आणि तारखा माझ्याकडे असतात. कोणाचं काय अडलंय ते मी लिहून ठेवते, पूर्ण झालं की खोडते. आत्यांना याची गंमत वाटायची. त्यांनी मला नावानं कधी हाक मारल्याचं आठवत नाही. "काय गं यादी, आज कोनाला खोडलंस?" असंच विचारायच्या.

त्या दिवशी खोडायचं एकच नाव उरलं होतं. रूपाली. पाच वर्षांच्या लॉच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस. कॉलेज ठाण्यातलं, माजिवड्याच्या चौकापासून चालत जाता येईल इतकं जवळ. पाच वाजता खिडकी बंद, त्यानंतर जागा पुढच्या फेरीतल्या कुणाला तरी जाणार. विद्यार्थ्यानं स्वतः मूळ कागद घेऊन हजर राहायचं. मूळ कागद रूपालीच्या बॅगेत होते, बॅग रूपालीपाशी होती आणि रूपाली मुरबाडच्या पुढच्या एका गावात आईच्या घरी होती. आत्या तिच्याबरोबर. दोघींपैकी कोणाचाही फोन लागत नव्हता.

"मॅडम, मुलगी कुठाय?" खिडकीतून सावंत क्लार्कनी विचारलं.

"येतेय."

"कुठून?"

"मुरबाडकडून."

सावंतांनी चष्मा कपाळावर चढवला. "आज? मुरबाडहून?" मग माझ्या खांद्यावरून व्हरांड्याकडे बघून म्हणाले, "आणि त्या तुमच्या आत्या? बाक मोकळा बघून चुकल्यासारखं वाटतंय."

याच सावंतांनी दोन वर्षांपूर्वी आत्यांना त्या बाकावरून उठवायचा प्रयत्न केला होता. "बाई, हा बाक विद्यार्थ्यांसाठी आहे." आत्या जागच्या हलल्या नाहीत. "मंग मी कोन? धावीत दोनदा नापास हाय. तिसऱ्यांदा बसलेय समज." रांगेतली पोरं हसली. सावंतही हसले आणि मग दुपारी त्यांच्या टेबलावर डब्याचं झाकण भरून सुकटीची चटणी आणि अर्धी तांदळाची भाकरी पोचली. पुन्हा बाकाचा विषय निघाला नाही.

आत्या कोपर गावच्या. त्यांच्या सासरची शेतं आणि मिठागरं होती तिथे आता इमारती आहेत, आणि त्यातल्या एका इमारतीत तळमजल्यावरचे दोन फ्लॅट आत्यांच्या नावावर. मुलांनी भाड्यानं द्यायला सांगितले होते. आत्यांनी बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना दिले, एक मुलींना आणि एक मुलांना. का दिले हे मी एकदा विचारलं, तेव्हा "माज्या पोरांना लई राग येतो म्हनून" एवढंच म्हणाल्या. आमच्या संस्थेचा आणि त्यांचा संबंध तिथून सुरू झाला. नवीन मुलगी आली की त्या दारातच नात्याचा निकाल लावायच्या.

"मना आई म्हनायचं नाय. ते झेपनार नाय मना. मावशी म्हनजे तुमच्या बालगृहात जेवन वाढनारी. मॅडम म्हनजे सही करनारी. मी आत्या. बारशाला नाव ठेवते ती, आनि मंग जन्मभर नावं ठेवते ती."

नावं ठेवण्याचं काम त्यांनी मनापासून केलं. कोणाची इस्त्री, कोणाचं इंग्रजी, कोणाचा नवा मित्र. पण दारातलं ते भाषण संपलं की त्या एक काम न चुकता करायच्या. फ्लॅटची किल्ली मुलीच्या हातावर ठेवायच्या. तिची स्वतःची, वेगळी. ज्यांचं सगळं लहानपण बाहेरून कुलूप लावल्या जाणाऱ्या घरात गेलं त्यांच्या हातात ती पहिली किल्ली असायची. काही मुली झोपतानाही मुठीत धरायच्या. आत्यांना ते माहीत होतं. पण त्यावर बोलायच्या नाहीत.

या मुलांना येत नसलेल्या गोष्टी फार वेगळ्या असतात. गणित येतं, पण दुधाची पिशवी कोपऱ्यातून कापायची हे माहीत नसतं, कारण दूध नेहमी वाढलेलंच समोर आलेलं. सगळ्यात अवघड जाते ती परवानगीची सवय. सागर नावाचा मुलगा आला तेव्हा पहिले कितीतरी दिवस विचारायचा, "आत्या, पाणी पिऊ?"

"नळाला इचार."

"आत्या, झोपू?"

"उशीला इचार. मी काय घंटा वाजवू?"

आणि कोणी गळा काढायला लागलं, आई असती तर, बाबांनी तेव्हा नेलं असतं तर, की आत्या हात वर करायच्या. "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. पुढं बोल." पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा मला ते निर्दय वाटलं होतं. मुलांना कधी वाटलं नाही. ती आपापसात नुसतं 'मिशा' म्हणायची आणि हसायची.

आत्यांची आणखी एक खोड होती, त्यावरून नातलगांत त्यांची बदनामी होती. कुठूनही निघताना त्या "येते" म्हणत नसत. सरळ "जाते" म्हणायच्या. हळदीकुंकवाला, बारशाला, आजारी माणसाला बघायला गेल्या तरी. म्हाताऱ्या बायका कानावर हात ठेवायच्या. "अगं इंदू, येते म्हण, येते! घरातून जाते म्हणतात का कोणी?"

"परत येनार नाय तर येते कशाला म्हनू?"

मला वाटायचं ही नुसती तिरसट बाई आहे. खरं कारण सागरनं सांगितलं.

सागरचा प्रवेश आत्यांचा पहिलाच. कल्याणचं कॉलेज. त्यांनी त्याला फाटकापाशी सोडलं, पाठीवर थाप मारली आणि कुठलीही आत्या म्हणेल तेच म्हणाल्या, "जा, संध्याकाळी येते घ्यायला." मग एका हळदीला निघून गेल्या. संध्याकाळी आल्या तेव्हा सागर फाटकाच्या कट्ट्यावर, सकाळी होता तिथेच. मांडीवर फाईल. आत गेलाच नव्हता. त्याला बघून आत्या ओरडणार, तेवढ्यात तो उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही आलात?"

बालगृहाच्या फाटकापाशी त्याच्या बापानं त्याला सोडलं होतं तेव्हाही संध्याकाळचाच वायदा होता. कोणी 'संध्याकाळी येते' म्हणून गेलं की तिथून हलायचं नाही, हलल्यावर चुकामूक होते, हे त्या मुलाच्या अंगात मुरलेलं. त्याचं ते वर्ष गेलं. पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात आत्या त्याच्याबरोबर आत गेल्या, बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "खिडकीवर तू. हितं मी. तू भाईर येईसतोवर मी हितून उठनार नाय. मुतायला पन नाय."

बाक सुरू झाला तो असा. त्या कधी खिडकीपाशी येत नसत, कागद बघत नसत, क्लार्कशी भांडत नसत. ते काम मुलांचं. आत्यांचं काम एवढंच की मुलानं मागे वळून पाहिलं तर बाकावर त्या दिसल्या पाहिजेत. मुलं वळून पाहायची. मी कितीतरी वेळा पाहिलंय. खिडकीतून "पालक कुठायत?" असा प्रश्न आला की मूल बोट करायचं, "त्या तिथे," आणि बाकावरून बांगड्यांचा हात वर व्हायचा.

रूपालीचं प्रकरण जरा वेगळं होतं. ती अनाथ नव्हती. सहाव्या वर्षी आईनं बालगृहात आणून ठेवलेली, पुढे आईनं दुसरं लग्न केलं आणि येणं थांबलं. अशा मुलींची मोठी पंचाईत होते. अनाथ म्हणून मिळणारं तिला काही मिळत नाही आणि आई असून आईचंही काही मिळत नाही. रूपाली हे सगळं कलमांसकट सांगायची, आवाज चढवून. तिला वकील व्हायचंय हे तिनं बालगृहात असताना बालकल्याण समितीसमोर उभं असतानाच ठरवलं होतं. "माझ्याबद्दल सगळे बोलत होते मॅडम, माझ्याशी कोणीच नाही." सीईटीचा निकाल आला त्या दिवशी तिनं आत्यांना उचलायचा प्रयत्न केला होता. दोघी पडल्या.

शेवटच्या तारखेला दोन दिवस राहिले असताना कोपरला तिचा मामा येऊन उभा राहिला. पूर्वी कधी न पाहिलेला माणूस, हातात बिस्किटांचा पुडा. तिच्या आईचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, घरात दोन लहान मुलं, बघायला कोणी नाही. "तुला बोलावलंय आईनं," तो म्हणाला.

बारा वर्षं ती मुलगी हेच वाक्य ऐकायला थांबली होती. तिनं एक प्रश्न विचारला नाही. कपडे, पुस्तकं, कागदांची फाईल, सगळं बॅगेत भरलं आणि फ्लॅटची किल्ली टेबलावर ठेवली.

आत्यांनी मला फोन केला तो तेव्हा. मी ठाण्याच्या ऑफिसात होते.

"आत्या, थांबवा तिला. परवा शेवटचा दिवस आहे. प्रवेश घेऊन मग जाऊ दे."

"सांगितलं. आयकत नाय."

"मग दार लावून घ्या!"

"यादी," आत्यांचा आवाज एकदम खाली आला, "दार लावलं तर मी पन बालगृहच की."

"जागा जाईल हो."

"जाईल."

"आणि तो माणूस तिला घरकामाला नेतोय, कळतंय ना तुम्हाला?"

"कलतंय. तिला पन कलंल. मी चाललेय पोचवायला."

मागे मामाचा आवाज आला, "तुम्ही कशाला तरास घेता, मी हाय ना." आणि आत्यांचा लग्नघरातला आवाज: "वा रं वा! भाची पयल्यांदा आईच्या घरी चालली, पोचवायला कोन नको? लोक काय म्हनतील तुमच्या गावाला?" फोन बंद झाला. त्यानंतर लागलाच नाही.

म्हणून मी त्या दुपारी झेरॉक्सच्या फाईलसह रिकाम्या बाकापुढे उभी होते. बसवत नव्हतं. रांग आटत चालली होती. एक आई आपल्या मुलाचे केस नीट करत होती आणि तो "काय यार मम्मी" म्हणत मागे सरत होता. मी सावंतांना विचारलं की झेरॉक्स घेऊन ठेवता का, मूळ कागद उद्या देते. त्यांनी मान हलवली. "मॅडम, मी घेतलं तरी सिस्टिम घेणार नाही. मुलगी पाहिजे, तिचा फोटो इथे काढायचा असतो." खरं होतं. मला ते माहीतही होतं.

रांग संपली. शिपाई खुर्च्या आत घ्यायला लागला. सावंतांनी कॉम्प्युटर बंद करण्याऐवजी चहा मागवला. खिडकी बंद व्हायच्या तोंडावर चहा मागवणारा क्लार्क मी पाहिला नव्हता. ते माझ्याकडे न बघता कपातला चहा बशीत ओतत होते आणि बशीतला परत कपात.

आणि फाटकातून रूपाली आली. एकटी.

धावत होती. चपला हातात, सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, बॅग छातीशी धरलेली. व्हरांड्याच्या पायरीवर अडखळली आणि तिथेच थांबली. खिडकीकडे बघितलंच नाही. तिची नजर बाकावर होती.

"आत्या?" मी विचारलं.

"मागे आहेत. पुलावर ट्रॅफिक... टेम्पो अडकलाय." तिला श्वास पुरत नव्हता. "मला म्हणाल्या पळ."

"मग चल, चल लवकर, फाईल काढ!"

ती हलली नाही. मी आयुष्यात खूप मुलं घाबरलेली पाहिलीत, पण अशी नाही. खिडकी दहा पावलांवर होती आणि तिची पाठ माझ्याकडे, तोंड रिकाम्या बाकाकडे. मला सागर आठवला, फाटकाच्या कट्ट्यावरचा. एक वेडा विचार आला की मीच जाऊन बाकावर बसावं. बसले नाही. ती जागा माझी नव्हती, आणि हे तिला माझ्याआधी कळलं असतं.

सावंतांनी खिडकीच्या काचेवर अंगठीनं टकटक केलं. "बाळ, नाव काय तुझं?"

"रूपाली."

"पूर्ण नाव. इथे येऊन सांगायचं."

ती गेली. उजवी मूठ आवळलेलीच होती, डाव्या हातानं एकेक कागद सरकवत होती. दाखला, गुणपत्रिका, सीईटी. सावंतांनी फोटो काढला. चिखलाचे थेंब गालावर तसेच. मग सही करायला पेन पुढे केलं, तेव्हा तिला मूठ उघडावी लागली. आत किल्ली होती. कोपरच्या फ्लॅटची. तिनं ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, सही केली आणि लगेच पुन्हा उचलली.

"सोबत कोण आलंय?" सावंतांनी विचारलं. रोजचा प्रश्न. पण विचारताना त्यांनीही एकदा बाकाकडे पाहिलं.

रूपालीनं मागे वळून पाहिलं नाही.

"आत्या," ती म्हणाली. "येताहेत."

सावंतांनी शिक्का मारला.

मी फाईलवरचं नाव खोडलं. मला वाटलं होतं की आता सुटल्यासारखं वाटेल. पण रूपाली खिडकीवरून सरळ बाकाकडे गेली आणि त्याच्या एका टोकाला बसली. आत्यांच्या टोकाला. पाय वर घेऊन.

"चल, फाटकापाशी जाऊन बघू," मी म्हटलं.

"नाही मॅडम. त्या इथे येणार. मी इथेच बसते."

मी तिच्याशेजारी उभी राहिले. शिपायानं व्हरांड्यातले पंखे बंद केले. आत्यांचा फोन अजून बंदच. गुडघा असा असलेली बाई, ठाण्यात शिरतानाचा तो साकेतचा पूल, रस्ता खणून ठेवलेला, चहूकडून ट्रक. रूपाली फाटकाकडे बघत बोलत होती, आणि गावात काय झालं ते मला तेव्हा कळलं.

आत्या त्या घरात गेल्याच नव्हत्या. उंबऱ्यापर्यंत पोचवलं आणि समोरच्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसल्या. मामा म्हणाला, झालं ना, आता निघा, शेवटची एसटी आहे. आत्या म्हणाल्या, "पाय दुखतोय, बसते जराशी." जेवायला बोलावलं तर गेल्या नाहीत. स्वतःचा डबा उघडला. गावातल्या बायका जमल्या, त्यांच्याशी बांगड्या कुठून घेतल्या इथपासून गप्पा मारल्या. दोन्ही रात्री शेजारणीच्या पडवीत झोपल्या. रूपालीला एक शब्द बोलल्या नाहीत. कॉलेजचं नाव काढलं नाही.

"मी आत भांडी घासत होते," रूपाली म्हणाली. "भावाला आंघोळ घातली. भाऊ म्हणजे... असो. आई नीट बोलली माझ्याशी. वाईट नाहीये ती. फक्त मी किती वर्षांची आहे ते तिनं मामाला विचारलं. मी समोर होते."

तिनं गालावरचा चिखल ओढणीनं पुसला.

"दर थोड्या वेळानं दारात येऊन बघायचे. आहेत का. मला वाटायचं आता उठल्या असतील. आता गेल्या असतील. आज सकाळी तर वाटलंच होतं की ओटा रिकामा असणार. बघते तर मिश्री लावत बसलेल्या. आईनं विचारलं, ती बाई अजून कशाला बसलीय? मी म्हटलं, माझ्यासाठी." तिनं मुठीतली किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "आईनं धाकट्याला जवळ ओढलं. मग म्हणाली, जा तू. बरं वाटलं की मी येईन एकदा तुझ्याकडं."

"तू काय म्हणालीस?"

"ये म्हटलं नाही. येऊ नको पण म्हटलं नाही."

एसटी चुकली होती. आत्यांनी ठाण्याला भेंडी घेऊन निघालेला एक टेम्पो गाठला आणि ड्रायव्हरला सगळ्या वाटेत इतकी नावं ठेवली की तो म्हणे घाबरून चालवत होता. पण साकेतच्या पुलावर सगळंच थांबलं. टेम्पो हलेना. रूपालीनं घड्याळ बघितलं. आत्यांनीही बघितलं.

"मी म्हटलं, राहू दे आत्या, दोघी जाऊ, होईल ते होईल. मला एकटीला जायचं नव्हतं. खरंच नव्हतं जायचं. त्यांनी पदराची गाठ सोडली. ही किल्ली होती त्यात. मी टेबलावर ठेवलेली, त्यांनी उचलून बांधून आणलेली. माझ्या हातात कोंबली आणि म्हणाल्या, आज संध्याकाली घरचं कुलूप तू उघडनार, मी नाय. आता पल." रूपाली थांबली. "आणि मग म्हणाल्या, मी येते."

"येते म्हणाल्या? आत्या?"

"हो ना. मी पण बघतच राहिले. त्यांनाच कसंतरी झालं असावं, कारण लगेच ओरडल्या, बगतंस काय तोंडाकडं, पल!"

आम्ही दोघी फाटकाकडे बघत राहिलो. बाहेर दिवे लागले. सावंत कुलूप लावून निघाले आणि फाटकापाशी जाऊन रेंगाळले, घरी जायची घाई नसल्यासारखे. रूपाली हलली नाही. ती सहा वर्षांची असतानाही कुठल्यातरी फाटकाकडे अशीच बघत असणार हे माझ्या मनात आलं आणि मी ते लगेच दूर सारलं. मिशा.

मग फाटकाबाहेर सावंतांचा आवाज आला, "अहो बाई, रिक्षा तरी करायची!" आणि त्याच्यावर दुसरा आवाज, "रिक्षा काय उडत येते काय रं?"

आत्या आल्या. पूल पायी उतरून, चौक ओलांडून. गजरा कुठेतरी गळून पडलेला, जरीची किनार चिखलात बुडालेली, एका पायात चप्पल आणि दुसरी हातात. सावंतांनी आधाराला पुढे केलेला हात त्यांनी झटकला. एकेक पाऊल टाकताना ओठ घट्ट मिटत होते. त्या दिवसानंतर त्यांचा तो गुडघा पुन्हा कधी नीट चालला नाही. आता त्या कोपरच्या घरातूनच फोनवर नावं ठेवतात आणि बाकावर दुसरी माणसं बसतात, बहुतेक वेळा सागर. बाकावर बसलेल्या आत्या मी त्या संध्याकाळी शेवटच्या पाहिल्या.

त्या व्हरांड्याची पायरी चढून वर आल्या. रूपालीकडे पाहिलं. खिडकीचं कुलूप पाहिलं. प्रवेश झाला का, हे त्यांनी विचारलं नाही. आपल्या जागी, आपल्या टोकाला, पाय वर घेऊन बसलेली मुलगी त्यांनी पाहिली आणि कंबरेवर हात ठेवला.

"सरक," आत्या म्हणाल्या.

रूपाली सरकली.